रवीनं तोडलेला दात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी म्हणजे कसा — सकाळी शिंकलो तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या प्रताप नगरात कौलं उडाल्याची बातमी पोचवणारा माणूस! माझ्या पोटात काही राहत नाही. हे मात्र राहिलं. आता सांगायला बसलोय.

माझा वरचा, पुढचा दात. रूट कॅनाल झाल्यावर आधी पिवळट पडला, मग करडा, शेवटी थेट कोराडीच्या वीजकेंद्रातल्या राखेसारखा. तो कसा तुटला हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना पाठ आहे — माझा साळा रवी, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच्या स्कूटरवर मी मागे बसलो असताना. मीच सांगितलंय ना! पहिल्यांदा सांगितलं तेव्हा रस्त्यात नुसता ब्रेकर होता. पुढे म्हैस आली. भाच्याच्या लग्नात तर कोळशाचा ट्रक आला आणि मी हवेत दोन कोलांट्या मारल्या. गोष्टीत सगळं बदललं — स्कूटर चालवणारा मात्र मी एकदाही बदलला नाही.

खरं काय ते सांगू? थांबा — सांगतो.

श्रावण होता. सासरी श्रावणात अंड्याचं नाव काढलं तरी सासूबाई कानावर हात ठेवत. मी पूजेचं सामान आणतो म्हणून महालच्या बाजारात गेलो आणि सावजीच्या खानावळीत शिरलो. मटणाची नळी काही चोखून निघेना. पुढच्या दातांनी फोडायला गेलो आणि — कट्! हाड शाबूत, दात तुटला.

आता घरी काय सांगायचं? सामान घेऊन ठरलेल्या चौकात जाऊन उभा राहिलो, तेवढ्यात रवी मला न्यायला आला. स्कूटर नवी, हात नवा. मी ओठ मिटून मागे बसलो. एका ब्रेकरवर गाडी जराशी उडाली — जराशीच हो! — आणि मी ओरडलो, "मेलो गा! तुह्या हेल्मेटनं दात गेला माह्या!"

त्यानं गाडी थांबवून मागे पाहिलं. त्याचा तो चेहरा... असो.

घरी सासूबाईंनी त्याला धरलं. "काहून रे, जावयाले आणून राहिला होता का सिमेंटचं पोतं?" सगळे हसले. मीही हसलो, तोंडावर रुमाल धरून. तेव्हापासून रवीनं मागे कुणाला बसवलं नाही. कुणालाच. त्याच्या पोरीचा शाळेचा ऑटो चुकला की तो तिला पायी घेऊन जातो, स्कूटर दारात उभी. ती विचारते, "काहून, बाबा?" तो म्हणतो, "माह्या हाताचा भरोसा नाही, बेटा." हे मी स्वतः ऐकलंय. ऐकून चहा प्यायलोय.

यंदा माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा हो, ठरलं. बायकोनं दात पांढरा करून घ्यायला पिटाळलं. बोलावलं नसताना रवी सोबत आला, प्रत्येक खेपेला. डॉक्टर दाताला मागून भोक पाडतात, आत औषध भरतात, बंद करतात, काही दिवसांनी पुन्हा बोलावतात. आणि मी आ करून पडलेला — यांनी आता विचारलं तर? विचारलंच त्यांनी, दात कशानं तुटला म्हणून. कोपऱ्यातून रवी म्हणाला, "माह्याच हातून झालं, डॉक्टर."

माझ्या तोंडात कापूस होता. पण कापूस काढल्यावर? तेव्हा तोंडात काय होतं?

शेवटच्या खेपेला दात शेजारच्यासारखा पांढराशुभ्र झाला. माझ्याआधी रवीनंच तो वाकून पाहिला. बाहेर आलो, आसपास कुणी नव्हतं. तो म्हणाला, "भाऊजी, आता तरी मले माफ केलं ना?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मोठ्या मनानं म्हणालो, "जाऊ दे गा. केलं माफ."

त्याचे डोळे भरून आले. तो तिथेच, रस्त्यावर, वाकून माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.