वाकणारी फांदी

आमच्या ऑफिसात तिला सगळे ताई म्हणतात, वयाने मोठे असलेलेसुद्धा. ताई वयस्कर माणसांसाठी व्हिडिओ गेम तयार करते. टीव्हीसमोर उभं राहायचं, हात वर न्यायचा. कॅमेरा तो हात बघतो आणि पडद्यावरच्या झाडाचं फळ तुटतं. कुणाचा हात मध्येच अडला, तर फांदी हळूच खाली वाकते. ही युक्ती ताईची. चाचणीला येणारे आजी-आजोबा खूश, आणि फुकटची शाबासकी आम्हालाही.

ताईचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून ताईचं हसणंही गेलं आणि चिडणंही. विचारलं की "बरंय" म्हणायची, विषय संपला. गेम तिने घरी लावला. बाबांचा हात उठेना, तशी त्यांना न सांगता ती फांदी खाली आणत गेली. शेवटी नुसता खांदा उडवला तरी फळ पडायला लागलं.

मी म्हटलं, "अगं, हे अतीच होतंय."

"त्यानंतर जेवतात तरी," ती म्हणाली.

बाबांचे पाय जमिनीवर नव्हते. "आज अख्खं झाड रिकामं केलं!" असं फोनवर बहिणीला सांगायचे. मग एक दिवस कुणाला न विचारता त्यांनी एका शिंप्याची पाटी रंगवायचं काम घेतलं. ताई सोबत गेली. थांबवावं असं तिला वाटलंच नाही. तेव्हा काहीच वाटत नव्हतं, असं ती सांगते.

पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. बाबांनी ब्रश रंगात बुडवला, पण हात कमरेच्या वर जाईना. पुन्हा जोर लावला. रंग चपलेवर ठिबकला. शिंपी बिचारा सुईखाली कापड नसताना पायडल मारत बसला.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "मग ती फळं कोण तोडत होतं?"

"मीच," ताई म्हणाली. आवाज अगदी रोजचा.

त्यांनी टीव्हीची वायर काढून टाकली. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. ताईने हे सांगितलं तेव्हा मला तिचाच राग आला.

पुढे बऱ्याच दिवसांनी, चहा पिताना, त्यांचा उजवा अंगठा हलला. खरोखरच हलला. ताईनेही पाहिलं. बाबा अंगठ्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

"हा मी हलवला," त्यांनी विचारलं, "का तू?"