काखेपर्यंत धान

सिलतऱ्याच्या पुढे एका राइस मिलमध्ये मी येणाऱ्या धानाची ओल मोजायचे. त्या हंगामात फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती, मालकांची घाई चालली होती, आणि मी दोन गाड्या जरा जास्त ओल्या असूनही पास केल्या. काही दिवसांतच ते धान कोठीत गठ्ठा होऊन बसलं. दोन मजली घराएवढी ती लोखंडी कोठी वरून भरलेली दिसे, पण खालच्या सरकत्या पट्ट्यावर दाणा येईना.

दुपारी मिस्त्री सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन वर चढले. भंडाऱ्याकडचे, पन्नाशी उलटलेले, मिलमधले सगळ्यांत जुने. नमुना घ्यायला मीही त्यांच्या मागे शिडी चढले.

"मिस्त्री, पट्टा बंद करायला सांगू का?"

"काहून? चालू राहिला तर लवकर सुटते. दहा मिनिटांचं काम हाये."

त्यांच्या कमरेला दोर नव्हता. मला दिसलं होतं. मी नमुन्याची पिशवी उघडली.

वरच्या झाकणातून ते धानाच्या कडक थरावर उतरले. दोन घाव घातले. तिसऱ्या घावाला थर खचला. खालचं धान आधीच निघून गेलं होतं आणि आत पोकळी झाली होती. मिस्त्री कमरेपर्यंत गेले. खाली पट्टा ओढतच होता, त्यामुळे पुढच्या क्षणी छातीपर्यंत.

"पट्टा बंद करो! बंद करो!" मी खाली वाकून किंचाळले.

खाली झाडलोट करणाऱ्या छत्तीसगढी दीदीनं झाडू फेकून बटण दाबलं. "हव, बंद कर देंव!"

तोवर धान त्यांच्या काखेपर्यंत आलं होतं.

दोन हमाल दोर घेऊन धावत वर आले. "खींचते हैं!" त्यांचं चुकत नव्हतं, कुणीही हेच केलं असतं. पण आदल्या वर्षी अग्निशमन दलाचे एक साहेब मिलमध्ये माहिती द्यायला आले होते. आमचं सगळं लक्ष समोशांकडे होतं, तरी एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली होती. दाण्यात रुतलेल्याला ओढायचं नाही. खांदे निखळतात, माणूस निघत नाही. त्याच्याभोवती भिंत उभी करायची आणि आतलं धान उपसायचं.

भिंत कशाची करणार? तयारी म्हणून मिलमध्ये काहीच नव्हतं. शेडसाठी आणलेले कोरे पत्रे पडले होते, ते दीदीनं लोकांना हाका मारून वर चढवले. फोन करून बोलावलेली अग्निशमनची गाडी निघाली होती, पण रस्ता ट्रकांनी भरलेला. मी हमालांच्या कमरेला दोर बांधले, त्यांना धानावर टाकलेल्या फळ्यांवर पालथं झोपवलं आणि एकेक पत्रा मिस्त्रींच्या कडेनं खाली रेटायला लावला.

"पोरी," मिस्त्री म्हणाले, "श्वास सोडला का धान आत सरकते. घ्याले जागाच राहत नाही."

"थोडा थोडा घ्या. बोलू नका."

त्यांचे ओठ काळसर पडत होते. चौथा पत्रा बसला आणि हमाल घमेल्यानं उपसू लागले. आता बाहेरचं धान आत येत नव्हतं. छाती मोकळी झाली तेव्हा मिस्त्रींनी एक मोठा श्वास घेतला आणि लहान मुलासारखे रडले. गुडघे उघडे पडले तोवर अग्निशमनचे लोक पोचले. त्यांनी कमरपट्टे बांधून मिस्त्रींना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी सांगून टाकलं. "मिस्त्री, ते धान ओलं होतं. मीच पास केलं."

"मले ठाऊक होतं. मुठीत घेतलं तवाच समजलं." ते छताकडे बघत राहिले. "तरी मी उतरलो ना. पट्टा बी मीच चालू ठेवाले लावला."

मालकांनाही मी तेच सांगितलं. ते चिडले, बराच वेळ बोलले, आणि शेवटी मी मागितलेलं दिलं. पट्ट्याच्या बटणाला कुलूप बसलं आणि त्याची किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात राहू लागली. कमरपट्टा, दोर आणि वाकवलेले चार पत्रे शिडीशेजारी टांगले गेले. दर महिन्याला सराव ठरला.

पहिल्या सरावाला धानात उभं राहायला कुणी पुढे येईना. मी कमरपट्टा बांधला, किल्ली खिशात टाकली आणि उतरले. फक्त गुडघ्यापर्यंत रुतले होते. पाय उचलायला गेले, तो हललाच नाही. वर झाकणापाशी मिस्त्री दोर धरून बसले होते.

"घाबरू नको," ते म्हणाले. "पहिला पत्रा येऊन राहिला."