अनवाणी मिडफिल्डर

माझा मेहुणा नावाने महारुद्र असला तरी अंगाने अगदी काडी. पेडगावच्या चतुराबाईंचा हा धाकटा मुलगा बारा वर्षं पगारी फुटबॉल खेळला, आणि तरी गावातली माणसं त्याला एकच प्रश्न विचारायची, "किती गोल मारलेस रे?" तो खरं सांगायचा. या हंगामात एक, नाहीतर एकही नाही. मग विचारणारा तोंड वाकडं करून चालू पडायचा.

मला या लोकांचा मनस्वी राग येतो. मिडफिल्डर म्हणजे मधल्या फळीतला गडी. मागच्यांनी अडवलेला चेंडू घ्यायचा आणि पुढच्याच्या पायाशी नेमका नेऊन सोडायचा, हे त्याचं काम. टाळ्या पुढच्याला मिळतात, शिव्या मागच्याला. याला दोन्ही नाही, पण हा नसला की सगळा संघ उघडा पडतो. मी हे पेडगावात किती वेळा सांगितलं असेल! जावई आहे म्हणून चहा देतात, ऐकत कोणी नाही. एकदा त्याची मॅच टीव्हीवर लागली तेव्हा सगळी गल्ली जमली होती. कॅमेरा चेंडूच्या मागे, आणि हा चेंडू देऊन कधीच मोकळा. दिसली ती फक्त पाठ. सासूबाईंना मी मामी म्हणतो. मामी म्हणाल्या, "पाठ तर पाह्यली लेकराची. लय झालं."

परभणीच्या शाळेत दत्तराव नावाच्या क्रीडाशिक्षकांनी त्याच्या पायातला गुण ओळखला आणि सोळाव्या वर्षी तो पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात गेला. पुढे पुणे, गोवा, परत पुणे, असे क्लब होत गेले. मग गेल्या हिवाळ्यात उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, करार संपला, वय एकोणतिसावर आलं. क्लबचे प्रशिक्षक शंतनु सर म्हणाले, ऑक्टोबरमध्ये सराव सामना आहे, त्यात खेळून दाखव. गुडघा टिकला तर पुन्हा घेऊ, नाहीतर इथेच थांबू. म्हणजे त्याची उरलेली सगळी कारकीर्द त्या एका सामन्यावर येऊन अडकली होती, आणि तो सामना होता ऐन नवरात्रात, अष्टमीला.

आता नवरात्राचा काय संबंध, तर तो मामींनी जोडून ठेवला होता. ऑपरेशनच्या दिवशी इकडे पेडगावात त्यांनी तुळजाभवानीला हात जोडले होते, "माझं लेकरू पायावर उभं राहू दे, नवरात्रात नऊ दिवस अनवाणी ठेवीन त्याला." आमच्याकडे नवस बोलणारा वेगळा आणि फेडणारा वेगळा, ही सोय फार जुनी आहे. पोरगं उभं राहिलं. मग फेडणं आलंच.

घटस्थापनेला तो गावी आला आणि चपला दाराबाहेर काढल्या त्या काढल्याच. मी फोनवर म्हणालो, "अरे, सामना आठ दिवसांवर आलाय. मामींना समजावून सांग."

"सांगितलं की दाजी. सामन्यापुरते बूट घाल म्हणली. बाकीचं पाळतो मी. मायच्या मनाला बरं वाटायलंय."

मामी आयुष्यभर रानात अनवाणी फिरलेल्या. त्यांच्या तळपायात धसकट शिरायला गेलं तर धसकटच मोडतं. त्यांनी हिशेब केला तो स्वतःच्या पायावरून. लेकाचे पाय बारा वर्षं मोज्यात राहून लोण्यासारखे मऊ झालेत, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तेवढं त्याने सांगितलं नाही.

सोयाबीनची कापणी नुकतीच झाली होती. कापलेल्या रानात जमिनीलगत जे टोकदार खुंट राहतात, तीच धसकटं. सराव चुकू नये म्हणून महारुद्र रोज उजाडताच रानातून पळायचा, तेही अनवाणीच. पंचमीच्या दिवशी त्यातलं एक डाव्या तळपायात घुसलं आणि आत मोडलं. ओरडलासुद्धा नसेल. घरी येऊन मामींना म्हणाला, थोडं मुरगळलंय.

पालमला माझं औषधांचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी हा एसटीतून उतरला आणि टाचेवर चालत दुकानात आला. "दाजी, दुखणं बंद व्हायचं काईतरी द्या."

पाय बघितला आणि माझं डोकं फिरलं. तळवा लाल, सुजलेला, मधे काळं छिद्र. तसाच त्याला शेजारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिरून नखाएवढा तुकडा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की जखम भरेपर्यंत हा पाय जोरात टेकवायचा नाही.

"परवा सामना हाय," महारुद्र म्हणाला.

"मग परवा खेळू नका."

बाहेर आल्यावर मी त्याला झाडलं. "चप्पल घाल. आत्ताच्या आत्ता. आणि क्लबला फोन कर, पायाला लागलंय म्हणून सांग."

"न्हाई दाजी. गुडघ्यामुळं आधीच बेजार हायत ते माझ्यावर. त्यात हे सांगितलं तर बोलवायचेबी न्हाईत."

"मग मामींना तरी सांगतो मी. त्यांच्या नवसापायी झालंय हे."

त्याने माझा दंड धरला. इतका घट्ट की मला लागलं. "मायला कळलं तर ती खायचं सोडंल. तुमाला राजेश्रीताईची शपथ हाय."

बायकोची शपथ माझ्याने मोडवत नाही. मी पट्ट्या, मलम, गोळ्या पिशवीत भरल्या आणि त्याच्याबरोबर पुण्याच्या गाडीत बसलो. पट्टीवर पट्टी बांधून, वर जाड मोजा चढवून हा पठ्ठ्या पुण्याच्या फलाटावरसुद्धा अनवाणीच उतरला. लोक बघत होते.

मैदानावर क्लबच्या फिजिओने त्याला तपासलं. उजवा गुडघा वाकवला, दाबला, फिरवला. सगळ्यांचं लक्ष उजव्या पायावर. डाव्याकडे कोणी पाहिलंच नाही. मी पायऱ्यांवर बसून घामाघूम होत होतो. महारुद्र उजव्या पायाने खेळतो. ज्याला फुटबॉल कळत नाही त्याला वाटेल, मग डावा दुखला तर काय बिघडलं? पण उजव्याने चेंडू मारताना अंगाचा सगळा भार डाव्यावर पडतो. प्रत्येक पासला त्या चिरलेल्या तळव्यावर तो उभा राहणार होता.

सुरुवात त्याने अशी केली की मी दुखणं विसरलो. चेंडू घ्यायच्या आधी मान वळवून मागे बघायचं, एका स्पर्शात वळायचं, आणि कोणाला दिसत नाही अशा फटीतून चेंडू काढून द्यायचा. त्याच्या एका पासवर गोलही झाला. शंतनु सर कडेला उभे होते ते शेजारच्याला काहीतरी म्हणाले आणि हसले. मला वाटलं, जमलं. देवा, आता असंच मध्यंतरापर्यंत राहू दे.

मग त्याचं एक पाऊल आखडलं. मला कळलं, बाकी कोणाला नसेल कळलं. चेंडू मारताना तो डावा पाय पूर्ण टेकवेना. पुढचा पास दोन हात आखूड पडला. त्याच्या पुढचा थेट समोरच्या गड्याच्या पायात. ते चेंडू घेऊन सुटले, आणि आमच्यावर गोल झाला. महारुद्र मधे उभा होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते ओरडले, "गुडघा दुखतोय का?"

त्याने मान हलवली, नाही. खरंच बोलला होता तो.

मध्यंतरात सगळे खेळाडू पाणी प्यायला आले तेव्हा त्याच्या पांढऱ्या मोज्यावर लाल डाग बुटाच्या वरपर्यंत चढलेला होता. फिजिओने बूट काढायला लावला. पट्ट्या रक्ताने भिजून लिबलिबीत झालेल्या. मी पायऱ्या उतरून खाली धावलो.

"हे कधीचं आहे?" सरांनी विचारलं.

"तीन दिवसांपूर्वीचं."

"कशाने झालं?"

"रानात पळताना, सर."

"बुटातून?"

महारुद्रने भिजलेला मोजा उचलून पिळला. मी तोंड उघडलं तसा त्याने पुन्हा माझा दंड धरला. सरांनी वाकून तो पाय नीट बघितला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, "गुडघा उत्तम आहे तुझा. तू काल फोन केला असतास तर मी सामना पुढे ढकलला असता. पण मधल्या जागेवरच्या माणसाने सांगितलेलं सगळ्या संघाने डोळे झाकून मानायचं असतं. तू मलाच सांगितलं नाहीस. आता मी कसा विश्वास ठेवू?"

झालं. बारा वर्षं अशी संपली, बाटलीभर पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात. परतीच्या प्रवासात मी सरांना, डॉक्टरांना, त्या सोयाबीनला, सगळ्यांना शिव्या दिल्या. मामींचं नाव तेवढं घेता येत नव्हतं, म्हणून जास्तच चिडचिड होत होती. हा खिडकीतून बघत होता. पेडगावच्या फाट्यावर उतरलो तेव्हाही त्याने चपला घातल्या नाहीत. म्हणाला, "नऊ दिवस पुरे व्हायचेत अजून."

दसऱ्याला आम्ही सगळे पेडगावातच होतो. राजेश्री आत पुरण वाटत होती. मामींनी लेकाला समोर बसवलं आणि विचारलं, "काय म्हणले मग पुण्याचे?"

"न्हाई घेतलं माय. वय झालं म्हणले."

मामी म्हणाल्या, "जाऊ दे. पाय शाबूत राह्यला, मला त्येच मागायचं हुतं." आणि तेवढ्यात त्यांना त्याच्या डाव्या पायाची पट्टी दिसली. त्यांनी पाय मांडीवर ओढून घेतला, पट्टी सोडली. जखम बघून त्यांचा चेहरा उतरला. "हे काय रे? हे कशानं झालं?"

मी पुढे सरकलो. शपथ गेली खड्ड्यात, असं ठरवलंच होतं मी.

"बूट चावला माय," महारुद्र म्हणाला.

"बूट?"

"नवा हुता. सामन्यात चावला."

मामींनी कपाळावर हात मारला. "बघा जावईबापू, बघा तुमीच! आठ दिवस अनवाणी फिरलं लेकरू, तर जरासं मुरगळलं तेवढंच. एक येळ बूट घातला, नि देवीनं लगेच दाखवलं. मीच बाई खुळी, घाल म्हणले. मीच न्हाई म्हणायला पाह्यजे हुतं." त्यांचे डोळे भरून आले, आणि तो पाय त्यांनी छातीशी धरला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मामी," मी म्हणालो, "ऐका..."

महारुद्रने तो पाय त्यांच्या हातातून हळूच सोडवला आणि माझ्या पावलावर ठेवला. भार दिला. उघड्या जखमेवर सगळा भार देऊन तो माझं पाऊल दाबत राहिला, आणि आईकडे बघून हसत म्हणाला, "व्हय माय. बुटाचंच काम हाय सगळं."