समोरच्याची लाईट

जीपच्या स्टँडवर गाडी भरेपर्यंत दोनच कामं असतात. एक, ‘मुडबी, मुडबी, गुलबर्गा’ करून ओरडायचं. दुसरं, बोलत बसायचं. सीट भरायला जितका उशीर, तितक्या गोष्टी जास्त. आणि आमच्या बसवकल्याणच्या स्टँडवर सीट कधी लवकर भरल्याचं मला तरी आठवत नाही! दुसऱ्या स्टँडवर ड्रायव्हर लोक भुताच्या गोष्टी सांगतात म्हणे. आम्हाला भुताची गरज पडली नाही. आमच्याकडं समोरून येणाऱ्या गाडीची लाईट आहे.

नियम अगदी साधा. अप्पर म्हणजे लांब जाणारी लाईट, ती समोरच्याच्या थेट डोळ्यात घुसते. डिपर म्हणजे खाली रस्त्यावर पडणारी. समोरून गाडी आली की डिपर करायचं. बोटानं एक दांडी हलवायची, बस! एवढ्याशा कामापायी आमच्याकडं इतके किस्से जमलेत की सांगताना हसू येतं, आणि हसून झाल्यावर गाडी चालवावीशी वाटत नाही.

*

आमच्यात पहिली पांढरी एलईडी बसवली गुंडेरावनं. पुढं दोन, बंपरवर दोन, आणि टपावर एक लांब पट्टी. संध्याकाळी त्यानं कौतुकानं स्विच टाकला, तर समोरच्या हॉटेलात भजी तळणारा माणूस डोळ्यांपुढं झारा धरून उभा राहिला!

इस्माईलभाई म्हणाले, “गुंडेराव, सामनेवाला अंधा हो जाएगा ना जी!”

“होऊ द्या की भाई. मला दिसलं म्हंजे झालं.”

थोड्या दिवसांनी गुंडेराव सकाळी स्टँडवर आला तो लाल डोळे चोळतच. “काय सांगू अण्णा, रातच्याला एकानं असली लाईट मारली, असली लाईट मारली, रस्ताच गायब! गाडी चालवायलोय का हिरीत उतरायलोय, कळंना झालं. लोकांत माणुसकी म्हणून कायच राहिली न्हाई बघा!”

मी विचारलं, “मग रे? काय केलास?”

“काय करणार? आणखी दोन बसवून आलो!”

*

इस्माईलभाई आमच्यात सगळ्यात जुने. त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं, की हेडलाईटच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवायचा. उजेड वर उडत नाही, समोरच्याला त्रास होत नाही. पूर्वी सगळेच रंगवायचे. आता भाई एकटेच राहिलेत.

एकदा भाईंनी जीप धुवायला टाकली. घ्यायला गेले तर धुणारा माणूस घामाघूम, पण चेहऱ्यावर समाधान. “चाचा, लाईटपे डांबर लगा था. निकलताच नै था! घासलेट डाला, ब्लेड मारा, तब जाके साफ हुआ!”

भाईंनी धुण्याचे पैसे दिले. घरी येऊन पुन्हा रंगवलं. पुढच्या आठवड्यात जावई आला. गुणी पोरगा. सासऱ्याची सेवा म्हणून पहाटे उठून त्यानं जीप पुसली आणि काचा लखलखीत करून ठेवल्या. भाईंनी पुन्हा रंगवलं. मग गॅरेजवाल्यानं न मागता घासून दिलं. वर म्हणाला, “उतना तो करनाच पडता!”

आता भाईंनी रंगवणं सोडलंय. कुणी विचारलं तर म्हणतात, “दुनिया में अच्छे लोगां भोत हो गए मियाँ. किसीकू काला रैनेच नै देते!”

*

मग मी म्हटलं, रंग नाही तर नाही, लाईटची दिशा तरी खाली करू. हेडलाईटच्या मागं स्क्रू असतो. गाडी भिंतीसमोर उभी करायची, लाईट लावायची आणि उजेड बरोबर खाली पडेपर्यंत स्क्रू फिरवायचा. मी आणि गुंडेरावनं गोदामाच्या भिंतीपुढं जीप लावून अर्धी संध्याकाळ घालवली. भिंतीवर उजेड असा सुरेख कमरेच्या खाली बसला की गुंडेरावसुद्धा म्हणाला, “व्हय रे, हे बरं दिसायलंय!”

मग गाडी भरली. मागं माणसं, माणसांवर माणसं, टपावर खताची पोती, शिडीला दोघं लोंबकळत. मागची बाजू बसली, पुढची उचलली. मी लाईट लावली. उजेड थेट कडुलिंबाच्या शेंड्यावर! झोपलेले कावळे उठून ओरडायला लागले.

मी मागं वळून म्हणालो, “बघा, लाईट खाली आणायची तर चार-पाच जणांनी उतरावं लागतंय. समोरच्याच्या जीवाचा प्रश्न हाय.”

कुणी हललं नाही. मागून एक म्हातारा शांतपणे बोलला, “समोरच्याला फोन करून सांग, जरा थांबून येऊ दे मनावं!”

*

एकदा शाळेच्या हॉलमध्ये रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. शहरातून एक साहेब आले होते. बोलले मात्र फार चांगलं. समोरून डोळ्यात उजेड घुसला की डोळ्याला सावरायला वेळ लागतो, तेवढ्यात गाडी आंधळीच पळत असते, असं त्यांनी इतकं नीट समजावलं की आम्ही सगळे माना डोलवायला लागलो. चहा झाला, आणि सगळ्यांना एकेक स्टिकर मिळालं. कानडीत आणि मराठीत छापलेलं, ‘मागून येताना अप्पर नको, डिपर वापरा’.

मी त्याच दिवशी जीपच्या मागं चिकटवलं. त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. मागून येणारी प्रत्येक गाडी जवळ यायची आणि अप्पर मारायची. आरशातून उजेड सरळ डोळ्यात! मी आरसा फिरवला, मान वाकडी केली, शिव्या दिल्या. शेवटी एका ढाब्यावर एक मोटरसायकलवाला मागोमाग येऊन थांबला, त्याला धरलं.

“कामून अप्पर मारायलास रे सारखा?”

“अण्णा, मागं कायतरी लिवलंय तुमच्या. डिपरवर वाचायला येईना!”

*

स्टँडवर आमच्या सगळ्यांचं एकदा ठरलंही. बाकीचं जग काय करायचं ते करू दे, आपण आपसात तरी डिपर मारायचं. इस्माईलभाईंनी सगळ्यांचे हात हातात घेऊन कबूल करून घेतलं. गुंडेरावनं तर गळ्याची शपथ घेतली.

पहिल्याच दिवशी मी गुलबर्ग्याहून परत येत होतो. समोरून ओळखीची जीप दिसली. मी मुद्दाम लांबूनच डिपर केला. समोरच्यानंही केला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! रस्ता दिसत होता, कडेची झाडं दिसत होती, समोरच्या काचेतून माणसाचं तोंडसुद्धा दिसलं. गुंडेरावच होता. हसत होता. अशी रात्र मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

त्याच्या मागं एक ट्रक होता. माझा डिपर बघून ट्रकवाल्यानं गाडी आडवी घातली, खाली उतरला आणि धावत माझ्याकडं आला. मला वाटलं, काही घडलं की काय.

“अण्णा, तुमची लाईट गेलीय! इतक्या बारीक उजेडात कसं चालवायलाव? मरताव की!”

*

एकदा मुडबीची एक म्हातारी अक्का माझ्या शेजारच्या सीटवर बसली. तिच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. समोरून लाईट आली की ती “अग्गो बाई!” करून पदर तोंडावर घ्यायची. माझा डोळाही बारीक व्हायचा, ते तिनं बघितलं.

“लेकरा, तुझे बी डोळे दुखायलेत का रे?”

“दुखतात की अक्का. रोजचंच हाय.”

पुढच्या वळणावर समोरून दोन ट्रक अप्पर मारत आले. अक्काला माझी इतकी दया आली की तिनं पदर उचलला आणि माझ्या दोन्ही डोळ्यांवर घट्ट धरला!

मी कसा थांबलो, ते मला माहीत नाही. मागची सगळी माणसं देवाचं नाव घ्यायला लागली. गाडी थांबल्यावर अक्का म्हणाली, “आता बरं वाटलं का?”

*

पण सगळ्याच गोष्टी हसण्याच्या नसतात.

आमच्यात रेवप्पा अण्णा होते. डोळ्यात लाईट आली की काय करायचं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. “समोर बघायचंच न्हाई. डाव्या कडंची पांढरी लाईन बघायची. ती सुटली न्हाई की तू सुटलास.” मी आजही तसंच चालवतो.

तुरीचे दिवस होते. आमच्याकडं त्या दिवसांत रस्ता म्हणजे खळं. शेतकरी कडेला तुरी वाळत घालतात आणि गाड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून भोवती दगड लावतात. रेवप्पा अण्णा रिकामी गाडी घेऊन घरी चालले होते. समोरून लाईट आली. त्यांनी मान खाली घातली आणि पांढरी लाईन धरली. लाईन तुरीखाली गेली. पुढं दगड होता.

गाडी उलटली. अण्णांचा उजवा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही.

आम्ही त्या शेतकऱ्याकडं भांडायला गेलो. चांगला माणूस, आमच्याच ओळखीचा. तो रडायलाच लागला. “मी तरी कुठं वाळवू? घराम्होरं चिखल, शेतात ढेकळं. दगड लावलो ते तरी गाड्यांना लांबून दिसावं म्हणून लावलो. अन् दिसतंय की! लाईट नसली की चांगलं दिसतंय!”

यावर काय भांडायचं? आम्ही परत फिरलो. रेवप्पा अण्णा आता स्टँडवर येतात, चहा घेतात, डाव्या हातानं. गाडीत बसत नाहीत.

*

आणि ही नागनाथची.

नागनाथ आमच्या स्टँडवरचा गुणी माणूस. दारू नाही, तंबाखू नाही. घरी तो आणि त्याचे वडील, माणिककाका. आई मागंच गेली. सोयाबीन बरं झालं त्या वर्षी त्यानंही नवी पांढरी लाईट बसवून घेतली. सगळ्यांचीच होती, त्यात काही विशेष नाही.

एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळी, माणिककाका सायकलवर गवताचा भारा लावून घरून शेतातल्या गोठ्याकडं निघाले होते. ओढ्याच्या पुलावर समोरून जीप आली. लाईट डोळ्यात गेली. काकांनी सायकल कडेला घेतली, आणखी कडेला घेतली, आणि पुढं कड नव्हतीच. सायकल, भारा आणि काका खाली दगडांवर. जीप थांबली नाही. मागून बैलगाडीवाले आले, त्यांनी कण्हणं ऐकलं आणि काकांना वर काढून घरी आणलं. नागनाथ नुकताच गाडी लावून हातपाय धूत होता. तांब्या तसाच टाकून तो धावला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. गुलबर्ग्याला दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालणं अवघड आहे.

नागनाथ वेडा व्हायचा बाकी राहिला. स्टँडवर येऊन एकेकाला विचारायचा, “त्या टायमाला वड्यावरून कोण गेलं? जीपच होती मनायलेत बैलगाडीवाले.” पंक्चरवाल्याला विचारलं, हॉटेलवाल्याला विचारलं, मुडबीपासून खाली प्रत्येक फाट्यावर उतरून विचारलं. “सापडू दे, आधी त्याची लाईट फोडतो, मग त्याला फोडतो! म्हातारं माणूस पडलंय ते बघायला थांबला बी न्हाई! असल्याला आई-बाप असतात का न्हाई?” बोलता बोलता त्याला रडू यायचं. आम्ही पाठीवर हात ठेवायचो.

मी काकांना बघायला दवाखान्यात गेलो. दुपारची वेळ होती. नागनाथ काकांचे पाय दाबत बसला होता. चार दिवसांची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला बघून उठला. “बस अण्णा, च्या घेऊन येतो,” म्हणाला आणि किटली घेऊन बाहेर गेला.

काका दाराकडं बघत राहिले. तो जिन्यानं खाली उतरल्याचा आवाज आल्यावर माझा हात धरून म्हणाले, “बाबा, त्याला शोधू नको मनावं. तुम्ही चौघं मिळून सांगा त्याला. माझं ऐकंना झालाय.”

मी म्हणालो, “काका, कामून? तुम्हाला असं करून गेला, त्याला सोडायचं?”

“दिसली मला गाडी.”

“कशी दिसली? लाईट होती ना डोळ्यात?”

“म्होरून न्हाई दिसली. खाली पडल्या पडल्या वर बघितलो. गाडी पुलावरून म्होरं गेली. मागं लाल लाईटीत नाव दिसलं. तुझ्या काकूचं.”

शांताबाई. आई गेल्यावर नागनाथनं जीपच्या मागं पेंटरकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलेलं. आमच्या रूटवर त्या नावाची दुसरी गाडी नाही.

तेवढ्यात नागनाथ चहा घेऊन आला. मला कप दिला, काकांना उशीला टेकवून बसवलं, बशीत चहा ओतून फुंकर घालून त्यांच्या ओठाला लावला. आणि रोज विचारत असावा तसं विचारलं, “अप्पा, काय तरी आठवा की हो. कसली गाडी व्हती? कायच दिसलं न्हाई का तुम्हाला?”

काकांनी चहाचा घोट घेतला.

“न्हाई रे बाबा,” ते म्हणाले, “डोळ्यात लाईट व्हती. काय सुदीक दिसलं न्हाई.”