मुकुंदरावांची गादी

कुंभकोणम्‌च्या बाजारात रेशमी साड्यांचं एक जुनं दुकान आहे. तिथल्या पांढऱ्या गादीवर मुकुंदरावांनी उभं आयुष्य मांडी घालून काढलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असा हा माणूस. लग्नाचं लुगडं, ज्याला तिकडे कूरै म्हणतात, ते त्यांनीच दाखवायचं. घडी उलगडली की पसंती होईपर्यंत दाखवणाऱ्यानं उठायचं नाही आणि मग उभं राहून ते नवरीच्या आईच्या हाती द्यायचं. हा नियम शास्त्रातला नव्हे, मुकुंदरावांच्याच डोक्यातून निघालेला, पण गिऱ्हाइकांना फार आवडे.

गेल्या वर्षी तरुण मालक बालाजी यांनी गाद्या काढून काउंटर आणि खुर्च्या आणायचं ठरवलं. मुकुंदराव इतके तावातावानं भांडले की कूरैपुरती एक गादी राहिली. तुम्ही बसाल तोवर ती राहील, असं बालाजी म्हणाले. लढाई जिंकून मुकुंदराव घरी आले आणि थोड्याच दिवसांत त्यांचं उजवं ढुंगण दुखायला लागलं.

आता असली जागा दुखते, हे चारचौघांत सांगायची सोय नाही. लाजेपोटी त्यांनी कंबर म्हणून सांगितलं. मग उपायही कंबरेचेच झाले. पत्नी गंगाबाईंनी रोज कंबरेला तेल चोळलं, शेजाऱ्यानं दबलेल्या नसेवर व्याख्यान दिलं, कुणी गार फरशीला दोष दिला. दुखणं मात्र ढुंगणातून पुढे जांघेत आलं आणि चप्पल घालणंही जड झालं. अखेर डॉक्टरांनी त्यांना उताणं झोपवून गुडघा वाकवला आणि पाय फिरवून पाहिला, तेव्हा मुकुंदराव कळवळले. नस दबली असती तर कळ बहुधा पोटरीपर्यंत गेली असती, मुंग्या आल्या असत्या, डॉक्टर म्हणाले. बसून बसून स्नायू आखडला तरी ढुंगण दुखतं, पण जांघेत सहसा दुखत नाही. एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा झिजलेला दिसला. मांडी बंद करा, खुर्चीवर बसा आणि काठी घ्या, असं त्यांनी बजावलं.

मालकांना सांगून टाका, असं गंगाबाईंनी किती परोपरीनं विनवलं.

"खुर्ची मागितली तर गादी जाईल," मुकुंदराव म्हणाले. "गादी गेल्यावर मी कशास पाहिजे त्यांस?"

गंगाबाईंनी तेलाची वाटी उचलून ठेवली.

लग्नसराई सुरू झाली. एका सकाळी नाचियार्कोविल्‌हून एक कुटुंब आलं, नवरी, तिची आई आणि मत देणाऱ्या मावश्या. मावश्यांना आधी काठ पसंत पडेना, मग रंग. मुकुंदराव हसतमुखानं घड्या उलगडत होते आणि आतून घामाघूम होत होते. शेवटी गडद लाल कूरै ठरली. त्यांनी तळवा गादीवर टेकला, जोर लावला. खुबा जागचा हलेना. पुन्हा जोर लावला. सगळे वाट पाहत होते आणि ते तिथेच रुतले होते.

बालाजी गल्ल्यावरून उठून आले. संपलं सगळं, असं मुकुंदरावांना वाटलं आणि खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखंही वाटलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. पण रावांच्या पायाला मुंग्या आल्या असतील अशा समजुतीनं बालाजींनीच चटकन वेळ सावरली.

"राव मामा कूरै बसूनच देतात," ते गिऱ्हाइकांना म्हणाले. "या गादीवरून ते कुणासाठी उठत नाहीत. आमच्या दुकानाची रीतच आहे तशी."

नवरीच्या आईला भरून आलं. तिनं वाकून दोन्ही हातांनी कूरै घेतली आणि नवरी मुकुंदरावांच्या पाया पडली. बालाजी तर खूशच झाले. उद्यापासून दिवसभर तुम्हीच गादीवर, बाहेर तुमच्या फोटोची पाटी लावतो, असं त्यांच्या कानात सांगून ते निघूनही गेले.

आता दुखणं सांगायचं म्हणजे मालकांना सगळ्यांसमोर खोटं पाडायचं. मुकुंदरावांना रडू यायला लागलं. पुढचं कुटुंब समोर येऊन बसलं होतं. त्यांनी एक नवी घडी पुढे ओढली आणि विचारलं, लग्न कधीचं आहे?