एक ओळ मोठ्यानं

बडनेऱ्याच्या टायपिंगच्या दुकानातले ते गृहस्थ कीबोर्डवर फुंकर मारल्याशिवाय कामाला हात घालत नाहीत. काम झालं की गिऱ्हाइकाकडून एक ओळ मोठ्यानं वाचून घेतात. तोवर उठू देत नाहीत.

यजमान गेल्यावर मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. यजमानांनी आमच्या बागेविषयी लिहिलेली वेबसाइट मला वाचताच येत नव्हती, इतकी तिथली अक्षरं बारीक आणि नक्षीदार होती.

"पण यांनी लिहिलेलं बदलणार नाही ना?"

"काहून बदलन, काकू? ते जसंच्या तसं राह्यते. तुमच्या ब्राउझरले फक्त सांगतो, साइटचा फॉन्ट सोड अन् आपला साधा दाखव. हं, वाचा."

"यंदा मोगऱ्याला..." मी थांबले. त्यांनी अक्षर मोठं केलं. मी पुन्हा तिथंच थांबले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दिसून राह्यलं ना? मग सावकाश वाचा. मले घाई नाही."

त्यांनी खुर्ची दाराकडे फिरवली आणि आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं.

"यंदा मोगऱ्याला कळ्या उशिरा आल्या," मी वाचलं. मग पुढची ओळ वाचली, मग सगळं पान. त्यांनी मला थांबवलं नाही.