काकूची आंघोळ

आमच्या गावचा मारोती आता एसटी थांब्याजवळ बसतो. संगमरवरी आहे, गुळगुळीत आहे, वर्गणी काढून आणलेला आहे, आणि मागच्या भिंतीवर वर्गणीदारांची नावं मारोतीआधी डोळ्यांत भरतील एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलेली आहेत. जुना मारोती वेशीवर होता. तो का सोडला असं विचारलं, तर गावात सगळे एकच सांगतात की रस्ता रुंद होणार होता. रस्ता काही रुंद झालेला नाही. खरं कारण मला ठाऊक आहे, आणि ते सांगताना मला लाज वाटते. गावाची वाटते, घराची वाटते, आणि माझी तर वाटतेच.

मूर्तिजापूर सोडून अकोल्याकडे निघालं की थोडं आत आमचं गाव आहे. मी अमरावतीला वकिली करते. गावच्या घरात माझी काकू आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, राहतात. माझी आई मी लहान असतानाच गेली. वेणी घालण्यापासून कॉलेजच्या फीपर्यंत माझं सगळं काकूनं पाहिलं, तेव्हा तिच्याविषयी वाईट लिहायला हात सहज उठत नाही. वेशीवरच्या मारोतीच्या पूजेचा मान आमच्या घराण्याचा. घरातली निम्मी माणसं पुढं मास्तर आणि वकील झाली, देवावर विश्वास ठेवेनाशी झाली, पण मान मात्र कुणी सोडला नाही. मान म्हटलं की नास्तिकही सोवळं शोधतो.

मारोती म्हणजे पारावर उभा असलेला पुरुषभर उंचीचा चपटा दगड. त्यावर शेंदराचे थरांवर थर, आणि वर चांदीचे दोन डोळे. पणजोबांच्या स्वप्नात येऊन मारोतीनं सांगितलं, ‘मी वेशीवर उभा आहे, मला शेंदूर लाव,’ अशी घरातली गोष्ट होती. गावातला प्रत्येक नवरदेव लग्नाआधी त्याच्या पाया पडायला यायचा. शनिवारी रुईच्या माळा आणि तेल यायचं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या नवरदेवांची वरात मात्र वेशीतून येत नसे. ती माणसं छपन्न साली बौद्ध झाली, त्यांना मारोतीची गरज उरली नाही. पण त्याच्या आधीही त्यांच्या वराती नाल्यातूनच जात, आणि ते काही त्यांच्या मर्जीनं नव्हतं.

गेल्या वैशाखात भावाचा फोन आला. “ताई, मारोतीनं कवच सोडलं.”

शेंदराचे थर फार जाड झाले की कधीतरी आपोआप गळून पडतात. त्याला कवच सोडणं म्हणतात. मग ते गळलेलं कवच नदीत सोडायचं, दगड दुधानं धुवायचा आणि सूर्य मावळायच्या आत नवा शेंदूर चढवायचा. तोवर देव कुणाला उघडा दिसू नये म्हणून भोवती पडदा धरायचा. आमच्याकडे उन्हाळा असा की माणसंच कातडी सोडायच्या बेतात असतात, मग देवाचं काय नवल. मी भावाला म्हटलं, “मग लाव की शेंदूर. त्यासाठी वकील कशाला?”

“खाली लिवलेलं निंगालं. इंग्रजी हाये, मराठी हाये. कोर्टाचं काई लफडं असलं म्हंजे? तू एकडाव येऊन पाहून जाय.”

मी सकाळीच निघाले. पारावर भावानं चार बांबू रोवून त्यांना जुनं लुगडं बांधलं होतं. आत गेले. चांदीचे डोळे बाजूला ताम्हनात ठेवलेले होते, आणि त्यांच्या जागी कोरीव, सरळ, सरकारी अक्षरं होती. या गावातून अकरा माणसं महायुद्धावर गेली, त्यांतल्या दोघांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. वर इंग्रजीत, खाली मराठीत. नावं नव्हती.

माझ्या डोक्यात आधी आलं ते पणजोबांचं. पणजोबा रोज पोथी वाचत. मराठी अक्षरं त्यांना आमच्यापेक्षा चांगली येत होती. शेंदराचा पहिला हात फिरवताना त्यांनी ती वाचलीच असणार. दगडाला शेंदूर फासला की देव होतो असं आपण हसून म्हणतो, पण या शेंदरानं काय झाकलं होतं ते त्यांना माहीत होतं. भाऊ म्हणाला, “कावून गप झाली? भानगड हाये का?” मी म्हटलं, आहे.

कारण ते दोघं कोण, हे मला ठाऊक होतं. मला कायदा शिकवणारे सर आमच्याच गावचे, नाल्यापलीकडच्या वस्तीतले. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. वकिलीची पहिली काही वर्षं मी त्यांच्याच हाताखाली काढली. एकदा कोर्टाला सुटी होती, तेव्हा त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली होती. आजोबा आणि त्यांचा चुलतभाऊ पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याकडे गेले. लढायला गेले की ओझी वाहायला, हे घरात कुणाला कळलं नाही. दोघंही परत आले नाहीत. सरांचे वडील तेव्हा रांगत होते. आजी सांगायची, “सायबानं वेसीवर आपल्या मानसायचा दगड लावला.” वस्तीतली पोरंसुद्धा तिला हसत. सर शाळेत जायला लागले तेव्हा त्यांनी लांबूनच वेस पाहिली, तर तिथं मारोती. घरी येऊन त्यांनी आजीला खोटारडी म्हटलं. त्यानंतर तिनं दगडाचं नाव काढलं नाही आणि ती तशीच गेली. हे सांगून झाल्यावर सर म्हणाले होते, “म्हाताऱ्या माणसांना काहीतरी धरून जगावं लागतं.” आजी खोटंच बोलली, असं धरून ते जगत आले होते.

मी पडद्याबाहेर येऊन त्यांना फोन लावला. “सर, आजी खोटं बोलत नव्हत्या. दगड आहे. मी त्याच्यासमोरच उभी आहे.” ते म्हणाले, “किती लिहिलेत?” मी म्हटलं, दोघं. “निघतो,” म्हणाले.

भावाला हे कळलं तेव्हा तो चिडला. सूर्य मावळायच्या आत शेंदूर लागला पाहिजे, लोक काय म्हणतील, देव उघडा ठेवला तर गावावर काही आलं म्हणजे कोण निस्तरणार. मी त्याला सांगितलं की सर येईपर्यंत या अक्षरांना बोट लावलंस तर मी तुझी बहीण नाही, विरुद्ध पक्षाची वकील आहे. माझा आवाज चढला की तो लहानपणापासून ऐकतो. पडदाही मीच काढायला लावला. तेव्हा मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता. आता तो आठवला की जास्त लाज वाटते.

सर भाड्याच्या गाडीनं आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, हातात काठी. पाराच्या पायरीशी थांबले, आणि ज्या माणसानं मला कायद्यापुढं सगळे समान हे कलम शिकवलं, त्यानं मला विचारलं, “हात लावू का?”

“सर, मला काय विचारता,” असं मी म्हटलं. भावानं तोंड फिरवून रस्त्याकडे पाहिलं. सर वर चढले आणि अक्षरांवरून हात फिरवत राहिले. फटींत राहिलेला शेंदूर त्यांच्या बोटांना लागला. रडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, “आजीला फार बोललो होतो मी.”

तोवर दहा-बारा माणसं जमली होती. मी कोर्टात उभी राहिल्यासारखी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. हे आपल्या गावचे दोघं, परक्या देशात मेले, आणि आपण नकळत का होईना, इतकी वर्षं त्यांचीच पूजा केली, यापेक्षा मोठं भाग्य कोणतं, असंही म्हणाले. मला वाटलं होतं लोक गहिवरतील. एक जण म्हणाला, “असं हाये का,” आणि निघून गेला. बाकीचेही हळूहळू पांगले. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात सापडेल असा एक शब्द कुणी तोंडातून काढला नाही. आजकाल तेवढं सगळ्यांना कळतं.

मी सरांना घरी नेलं. ओट्यावर खुर्ची टाकली आणि चहा सांगायला स्वयंपाकघरात गेले. काकू उन्हात वाळवलेल्या मुगवड्या डब्यात भरत होती. मी चहाचं आधण ठेवलं आणि तिलाही सगळं सांगितलं.

“कोनाचे होते ते दोघं?” तिनं विचारलं.

“बाहेर सर बसलेत ना, त्यांचे आजोबा. आणि आजोबांचे चुलतभाऊ.”

काकूनं डब्याचं झाकण लावलं, उठली आणि न्हाणीत गेली. पाण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा केस ओले, पाणी पाठीवर निथळत होतं. ती डोक्यावरून पाणी घेत नाही, तिला लगेच सर्दी होते. आमच्याकडे एखादा भाऊबंद वारल्याचं उशिरा कळलं, सहा महिन्यांनी कळलं, तरी बातमी कानावर पडताच अशी आंघोळ करतात. पण ती आपल्या माणसासाठीच करतात, परक्याचं सुतक कुणी पाळत नाही. मला भरून आलं. मी एवढं भाषण ठोकलं, आणि या चौथी शिकलेल्या बाईनं एक शब्द न बोलता त्या दोघांना घरातलं करून घेतलं, असं मला वाटलं.

आणि मी ते सरांना जाऊन सांगितलं. सांगायला नको होतं. ओट्यावर येऊन म्हणाले, “सर, काकूनं तुमच्या आजोबांची आंघोळ केली.”

सरांनी चष्मा काढला. “आमच्या घरात कुणीच केली नव्हती,” ते म्हणाले. “मेला म्हणून सांगायला कुणी आलंच नाही. आजीला दगडावरचं वाचता येत नव्हतं, ती वाट पाहत राहिली, तिनं कुंकूही पुसलं नाही. पुढं आम्ही बौद्ध झालो, हे सगळं सोडलं. पण तेव्हा व्हायला हवी होती ती. म्हणजे त्याच्या नावानं अंगावर पाणी घेणारं पहिलं माणूस तुमची काकू.” ते चष्मा पुसत राहिले.

स्वयंपाकघराची खिडकी ओट्यावरच उघडते. भाऊ मागच्या दारानं आत आला असावा. काकूचा आवाज आला, नेहमीसारखा, न चढवलेला. “इतकी वर्सं कोनाले तेल वाहून राहिली होती रे मी? आंग तं धुतलं. आता या हातानं देवघराले कशी शिवू? घरात गोमूत्र शिंपड थोडं. अन् ते खुर्ची नंतर धुवून घेजो.”

सरांचे कान चांगले आहेत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मी बोलायला लागले, की सर, ती जुन्या वळणाची आहे, तिच्या मनात तसं काही नाही, वयही झालंय. पडेल केस चालवताना माझा जो आवाज लागतो, तोच लागला होता. सरांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांच्या बोटांचा शेंदूर अजून निघाला नव्हता.

कोर्टात, वर्गात, घरी, सरांचं बोलणं मी नेहमी पुस्तकी मराठीत ऐकलं होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्याशी गावच्या बोलीत बोलले. “बाई, त्यायले सांगा, वाह्यलेलं तेल परत घेता येत नाई. आमच्या आजोबाले पोचलं ते.”

ते उठले. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. चहा आतच राहिला. संध्याकाळपर्यंत भावानं चांदीचे डोळे घरी आणून कपाटात ठेवले, आणि नवा शेंदूर चढवायची घाई मग गावात कुणालाच उरली नाही.

काकू अजून आहे. दर रविवारी फोन करते, जेवली का, तब्येत कशी आहे, विचारते. मीही विचारते, पाय दुखतात का, सर्दी गेली का. सरांचा निरोप मी तिला अजून दिलेला नाही.